उन्हाळ्यांत घर थंड ठेवण्याचीं यंत्रें : कोणतें, कोणास व कां

विदर्भ, खानदेश आणि मराठवाडा या भागांतील आमच्या वाचकांकडून गेल्या कांहीं उन्हाळ्यांत एक पृच्छा वारंवार येऊं लागली आहे. घरांत एसी बसवावा कीं कूलरवर भागवावें. आणि एसीच घ्यावयाचा ठरल्यास तो खिडकींतला घ्यावा कीं भिंतीवरचा, एक टनाचा कीं दीड टनाचा, तीन ताऱ्यांचा कीं पांच ताऱ्यांचा? दुकानदारास विचारावें तर तो आपल्याजवळ जो माल पडून आहे त्याचीच शिफारस करतो, व शहरांतील नातलगास विचारावें तर तो आपल्या फ्लॅटाच्या अनुभवावरून बोलतो. शेतकऱ्याचें घर, त्याची वीज, त्याचें पाणी व त्याच्या अंगणांतील धूळ हीं सारीं निराळीं असल्यामुळें या विषयाचा विचार आपल्या दृष्टीनें एकदां सविस्तर करणें आम्हांस इष्ट वाटतें.

हा आतां केवळ सुखाचा प्रश्न राहिलेला नाहीं. पारा ४५ अंश सेल्सिअसवर गेला म्हणजे हवामान खातें ती उष्णतेची लाट समजतें. आणि अशा दिवसांत दुपारच्या उन्हाइतकीच रात्रीं न निवणारी खोली घातक असते. दिवसभर रानांत तापलेलें शरीर रात्रीं निवालें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं तें काम पेलूं शकत नाहीं. घरांत साठी ओलांडलेलीं माणसें, बाळंतीण, तान्हें मूल किंवा हृदयरोगानें आजारी असलेलें कोणी असेल, तर निदान एक खोली रात्रीं थंड राहील अशी तजवीज करणें औषधपाण्याइतकेंच जरुरीचें आहे. पण त्याबरोबरच हेंहि खरें कीं, एसीला लागणारे तीस-चाळीस हजार रुपये हे बियाण्याच्या व खताच्या वेळेच्या तोंडावरच खर्चावे लागतात. तेव्हां ते विचारपूर्वक खर्चावे.

यंत्राकडे वळण्यापूर्वीं घराकडे पाहूं. आपल्याकडील माळवदाचें किंवा धाब्याचें जुनें घर उन्हाळ्यांत थंड कां असे ? जाड भिंती आणि छतावरील मातीचा जाड थर यांतून उन्हाची धग आंत पोंचेपर्यंत सूर्य मावळावयास येई. परंतु हींच जड छपरें व दगडमातीच्या भिंती १९९३ सालच्या किल्लारीच्या भूकंपांत निजलेल्या माणसांवर कोसळल्या व हजारों लोक दगावले. तेव्हां तसलीं घरें पुन्हां बांधा असें आम्ही कोणासहि सांगणार नाहीं. त्यांच्या जागीं आतां सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रे आले आहेत. स्लॅब दिवसभर ऊन पितो व रात्रभर तें खालीं ओकतो. पत्रा दुपारीं भट्टीसारखा तापतो, मात्र रात्रीं लवकर निवतो. हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे, कारण स्लॅबाखालच्या खोलींत यंत्राचें खरें काम रात्रीं सुरू होतें.

स्लॅबावर फाल्गुनांत चुन्याचे दोन हात दिले, तर ऊन बरेंच परावर्तित होऊन छत कमी तापतें. अहमदाबाद शहरानें २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ सालीं उष्णतेपासून बचावाची जी योजना आंखली, तिला पुढें पांढऱ्या छपरांची जोड मिळाली. ज्यांच्याजवळ भाजीपाल्याच्या रोपांकरितां घेतलेली शेडनेट पडून आहे, त्यांनीं ती स्लॅबाच्या हातभर वर ताणून बांधावी. स्लॅबावर टेकूं देऊं नये, मधून वारा खेळला पाहिजे. पत्र्यावर कडबा किंवा पऱ्हाट्या पसरण्याची चाल कित्येक गांवीं आहे. थंडाव्यास ती चांगली, पण ठिणगीचें भय मोठें, म्हणून आम्ही तिची शिफारस करीत नाहीं. पत्र्याच्या खोलींत आंतून छत मारल्यावांचून एसी बसविणें म्हणजे फुटक्या पाटानें पाणी देण्यासारखें आहे.

आतां कूलर. याचें तत्त्व माठाचेंच आहे. एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत आणण्यास ८० किलोकॅलरी उष्णता पुरते. पण तेंच एक लिटर पाणी उन्हाळी हवेंत वाळून जातांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेतें. ही उष्णता तें आसपासच्या हवेंतून ओढतें व हवा थंड होते. मात्र हवा जितकी कोरडी तितकेंच पाणी झपाट्यानें वाळणार. थर्मामीटरच्या फुग्यास ओलें फडकें गुंडाळून वाऱ्यांत धरला असतां पारा जेथवर उतरतो, त्याच्या खालीं कोणताहि साधा कूलर हवा नेऊं शकत नाहीं. चांगला कूलर त्या अंतराचा सुमारें चार-पंचमांश भाग तोडतो. नागपुराकडे मे महिन्यांत दुपारीं ४४ अंश उष्णता व हवेंत १५ टक्के दमटपणा असला, तर ओल्या फडक्याचा पारा २३ अंशांच्या आसपास उतरतो व कूलरची हवा २७ अंशांपर्यंत येते. एवढ्या थोड्या विजेंत याहून अधिक काम करणारें यंत्र आमच्या पाहण्यांत नाहीं. उलट कोंकणांत ३३ अंश उष्णता व ७० टक्के दमटपणा असतांना ओल्या फडक्याचा पारा २८ अंशांवरच अडतो. तेथें कूलर हवा २९ अंशांखालीं नेऊं शकत नाहीं, आणि खोली मात्र ओलीचिंब करून सोडतो. म्हणून मुंबई, ठाणें, रत्नागिरी किंवा गोमंतक येथील वाचकांनीं कूलरच्या नादीं लागूं नये. वऱ्हाडांतहि मृगाच्या सरी पडल्यावर कूलर निरुपयोगी होतो, हा सर्वांचा अनुभव आहे.

कूलर बंद खोलींत ठेवणें ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. त्याचें तोंड खोलीकडे व पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे पाहिजे, आणि समोरच्या अंगास एखादी खिडकी किंवा दार अर्धें उघडें पाहिजे. नाहीं तर तीच ओली हवा फिरत राहते व तासाभरांत अंग चिकचिकूं लागतें. पाण्याचा हिशोबहि आधीं करावा. मोठा कूलर कडक उन्हांत तासाला दहा लिटर व त्याहून अधिकहि पाणी पितो. दिवसरात्र चालविल्यास दोन-तीन जनावरांच्या पिण्याइतकें पाणी त्यांत जातें. ज्या गांवीं मार्चपासून टँकरची वाट पाहावी लागते, तेथें कूलर स्वस्त आहे हें म्हणणें तितकेंसें खरें नाहीं. बोअरचें पाणी जड असेल तर जाळीवर क्षार बसून पांढरें कवच होतें. लाकडाच्या भुशाची किंवा वाळ्याची जाळी दर हंगामांत बदलावी, व मधमाशांच्या पोळ्यासारखी कागदी जाळी असल्यास टाकींतलें पाणी दर दोन-तीन दिवसांनीं पूर्ण काढून नवें भरावें, म्हणजे क्षार साठत नाहींत. डेंग्यूचा डांस अशाच स्वच्छ सांचलेल्या पाण्यांत वाढतो, त्याकरितां आठवड्यांतून एकदां टाकी घासून कोरडी करणें अवश्य आहे.

कूलरच्या बाबतींत एक गोष्ट आम्ही विशेष आग्रहानें सांगतों. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय व जुनी वायर हीं एकत्र आलीं म्हणजे मृत्यूस आमंत्रणच मिळतें. कूलरमध्यें पाणी भरतांना विजेचा धक्का बसून लहान मुलें व बायका दगावल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यांत वाचतों. पाणी भरण्यापूर्वीं नुसतें बटण बंद करून भागत नाहीं, प्लग काढला पाहिजे. घरास खरें अर्थिंग पाहिजे. आणि मुख्य पेटींत ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-रक्षक स्विच बसविला पाहिजे. हा स्विच माणसाच्या अंगांतून वीज वाहूं लागतांच निमिषांत प्रवाह तोडतो. याची किंमत कूलरच्या किंमतीपुढें कांहींच नव्हे. शक्य तर फायबरच्या अंगाचा कूलर घ्यावा.

आतां एसीकडे येऊं. १९०२ सालीं अमेरिकेंत विलिस कॅरियर या तरुण एंजिनियरानें असलें पहिलें यंत्र योजलें तें माणसांसाठीं नव्हेच, तर ब्रुकलिन येथील एका छापखान्यांतील कागदासाठीं. दमट हवेंत कागद ताणून रंग जागच्या जागीं उमटेनात, म्हणून हवेंतील पाणी काढण्याचा त्याचा खटाटोप होता. एसी हा जणूं बंदिस्त माठ आहे. त्याच्या आंतल्या नळ्यांत पाण्याऐवजीं अगदीं थोड्या उष्णतेनेंहि उकळणारा एक द्रव असतो. तो खोलींतील उष्णता घेऊन वाफ होतो, कॉम्प्रेसर त्या वाफेस दाबून तापवितो, बाहेरच्या नळ्यांत ती उष्णता वाऱ्यावर टाकून पुन्हां द्रव होतो, व हा फेरा चालूं राहतो. द्राक्षांच्या शीतगृहांत ज्यांनीं माल ठेवला आहे, त्यांस हा फेरा ठाऊक असेल. उष्णता निर्माण करावयाची नसून ती केवळ बाहेर वाहून न्यावयाची असल्यामुळें, एक युनिट विजेंत तीन-चार युनिटांइतकी उष्णता खोलीबाहेर जाते. कूलरला बाहेरची कोरडी हवा हवी असते, तर एसीला बंद खोली हवी असते. कित्येक घरीं दोन्ही एकाच वेळीं चालूं असलेले आम्हीं पाहिले आहेत. कूलर हवेंत पाणी घालतो आणि एसी तेंच पाणी काढीत बसतो.

‘टन’ या शब्दाचा यंत्राच्या वजनाशीं कांहीं संबंध नाहीं. पूर्वीं बर्फानें थंडावा करीत. तेव्हां एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारें ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळून जितकी उष्णता शोषील तितकी उष्णता काढण्याच्या शक्तीस एक टन म्हणूं लागले. आजच्या मापानें ती सुमारें साडेतीन किलोवॅट भरते. स्थूल मानानें शंभर-सव्वाशें चौरस फुटांच्या खोलीस एक टन व दीडशें-पावणेदोनशें चौरस फुटांस दीड टन पुरतो. परंतु वर उघडा स्लॅब असेल, पश्चिमेची भिंत तापत असेल किंवा छत उंच असेल तर अर्धा टन अधिक धरावा. गरजेपेक्षां फार मोठें यंत्रहि चांगलें नव्हे. तें खोली झटकन् गार करून थांबतें, पण हवेंतील दमटपणा काढण्यास त्याला वेळच मिळत नाहीं. आमचें मत असें कीं, शेतकऱ्यानें दिवाणखान्याचा विचार सोडून निजण्याची एक लहान खोली निवडावी व तीच नीट थंड करावी. मोठ्या ओसरीस एसी लावणें हा पाहुण्यांस दाखविण्याचा थाट होय.

खिडकींतला एसी म्हणजे सर्व यंत्र एका पेटींत. तो स्वस्तांत बसतो, त्याच्या नळ्या कारखान्यांतच जोडून येत असल्यामुळें गॅस गळण्याची भीति कमी, व बिघडल्यास दोघांनीं उचलून टेंपोंतून तालुक्यास नेतां येतो. मात्र त्याचा आवाज झोपेच्या खोलींत त्रास देतो, भिंतींत मोठें भगदाड पाडावें लागतें, आणि त्या भगदाडाच्या कडा नीट बुजविल्या नाहींत तर उंदीर, पाल व धूळ तिघांनाहि वाट मिळते. भिंतीवरच्या, म्हणजे स्प्लिट, एसींत आंतील व बाहेरील असे दोन भाग तांब्याच्या नळ्यांनीं जोडलेले असतात. तो शांत चालतो, व आजकाल चांगल्या प्रतीचीं यंत्रें बहुतेक याच जातींत मिळतात. त्याचा सारा भरंवसा मात्र बसविणाऱ्या माणसाच्या हातावर आहे, त्याविषयीं पुढें लिहूं. चाकांवर ढकलण्याचा व एकच सोंड खिडकीबाहेर काढलेला जो एसी मिळतो, तो आम्ही कोणासहि सुचवीत नाहीं. तो खोलींतीलच हवा सोंडेवाटे बाहेर फेंकतो. तितकीच तापलेली हवा दाराच्या फटींतून आंत येते, व अर्धें काम वायां जातें.

यानंतर इन्व्हर्टरचा प्रश्न. या शब्दानें खेड्यांत मोठा घोटाळा केला आहे. इन्व्हर्टर एसी म्हणजे घरांतील बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालणारा एसी नव्हे. दिवे-पंख्यांसाठीं बसविलेल्या बॅटरीवर कोणताहि एसी लावूं नये. येथें इन्व्हर्टर म्हणजे कॉम्प्रेसरच्या मोटरची गति कमीजास्त करणारें उपकरण. ज्यांच्या विहिरीवर सौर पंप आहे त्यांस हें चटकन् कळेल : ढग आला कीं पंप मंद होतो, ऊन पडलें कीं वेग घेतो, पण बंद पडत नाहीं, तेथेंहि असेंच उपकरण असतें. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण जोरानें चालतो किंवा थांबतो, व दर वेळीं सुरू होतांना नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. थ्री-फेज मोटर सुरू होतांना गांवचे दिवे कसे मिचकतात तें आपण जाणतोंच. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो व खोली निवाली कीं मंद गतीनें चालत राहतो, म्हणून रात्रभर चालवावयाचा असल्यास त्यांत वीज पुष्कळ वांचते. कमी दाबाच्या लाइनीवरहि तो अधिक सोशीक असतो. मात्र किती व्होल्टांपासून किती व्होल्टांपर्यंत चालेल हें यंत्राच्या कागदावर छापलेलें वाचून घ्यावें, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबूं नये. संध्याकाळीं आपल्या घरचा दाब मीटरनें मोजावा. तो छापील मर्यादेखालीं जात असेल तर स्टॅबिलायझर घ्यावाच लागेल. इन्व्हर्टर एसीचें दुखणें म्हणजे त्यांतील इलेक्ट्रॉनिक पाटी. ती जळाली म्हणजे खर्च मोठा येतो; यास्तव कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या हमीनें भुलून न जातां पाटीची हमी किती वर्षांची आहे हें आधीं विचारावें.

ताऱ्यांच्या लेबलाविषयीं थोडें हिशोबानें बोलूं. वीजबचतीसाठीं असलेल्या केंद्रीय ब्यूरोनें हीं लेबलें २०१० पासून एसीस सक्तीचीं केलीं, व २०१८ पासून सर्व प्रकारच्या घरगुती एसीस एकाच हंगामी मापानें तारे मिळूं लागले. लेबलावर वर्षाला लागणारीं युनिटें लिहिलेलीं असतात. तीं १,६०० तासांच्या वापराचीं असतात, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत असते. समजा, तीन ताऱ्यांच्या यंत्रावर १,००० व पांच ताऱ्यांच्या यंत्रावर ७५० युनिटें लिहिलीं आहेत, दुसऱ्याची किंमत ८,००० रुपयांनीं जास्त आहे, व वीज १० रुपये युनिट पडते. पूर्ण १,६०० तास वापर असेल तर वर्षास २,५०० रुपये वांचतात व जास्तीची किंमत सव्वातीन वर्षांत वसूल होते. परंतु आपण दोन महिने, रोज रात्रीं सहाच तास, म्हणजे ३६० तास एसी लावला, तर बचत ५६ युनिटांची, म्हणजे ५६० रुपयांची. मग तेच ८,००० रुपये फिटण्यास चौदा वर्षें लागतील व तोंवर यंत्र राहीलच असें नाहीं. हा हिशोब ढोबळ आहे, कारण कडक उन्हांतले तास साध्या तासांपेक्षां जड असतात. तरीहि निष्कर्ष फारसा बदलत नाहीं. थोडा वापर असणाऱ्यानें तीन ताऱ्यांचा इन्व्हर्टर एसी घ्यावा. ज्यांच्या घरीं आजारी माणसासाठीं तो दिवसरात्र चालणार आहे, त्यांनीं पांच ताऱ्यांचा घ्यावा. लेबलावरील वर्षहि पाहावें. ताऱ्यांची कसोटी वेळोवेळीं कडक होत असल्यानें जुन्या वर्षाचे पांच तारे नव्या पांच ताऱ्यांच्या बरोबरीचे नसतात.

विजेच्या दराविषयीं आणखी एक. घरगुती वापर जसा शंभर किंवा तीनशें युनिटांपलीकडे जातो, तसा महाराष्ट्रांत पुढील युनिटांचा दर चढतो. एसीचीं युनिटें नेमकीं त्या चढ्या दरांत पडतात. म्हणून कित्येकांच्या मनांत मळ्यांतील घरास पंपाच्या लाइनीवरून तार ओढण्याचा विचार येतो. तसें मुळींच करूं नये. कृषिपंपाची जोडणी घरगुती कामास वापरणें हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खालीं अनधिकृत वापर ठरतो, व आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. किती दिवस वापर झाला हें ठरवितां न आल्यास ती मागील बारा महिन्यांची धरली जाते. पंपाच्या मोफत विजेची सवलत हाताशीं असतांना हें संकट ओढवून घेणें शहाणपणाचें नाहीं. शिवाय ती लाइन ठराविक तासच चालूं असते व एखादा फेज गेला कीं दाबाचा भरंवसा राहत नाहीं. घरगुती जोडणीचा मंजूर भार रीतसर वाढवून घ्यावा, मुख्य पेटीपासून एसीसाठीं चार चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र तार ओढावी व तिच्यावर स्वतंत्र स्विच बसवावा. ज्यांचें छत मोकळें आहे त्यांनीं २०२४ सालीं सुरू झालेल्या केंद्रीय सूर्यघर योजनेचाहि विचार करावा. तींत तीन किलोवॅटच्या घरगुती संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरविलेलें आहे, आणि पत्र्यांची सांवली स्लॅबावर पडते तो लाभ वेगळाच.

बाहेरचा भाग कोठें बसवावा, याबद्दल शहरी माहितीपत्रकांत कांहींच सांपडत नाहीं. गोठ्याजवळ तो कधींहि बसवूं नये. गोमूत्रापासून सुटणारा अमोनिया वायु तांब्यास व पितळेस खातो. गोबरगॅसमधील गंधकयुक्त वायुहि तांब्यास काळा करून पोखरतो. नळीस बारीकसें छिद्र पडलें तरी सारा गॅस उडून जातो. म्हणून गोठा, उकिरडा व गोबरगॅसची टाकी यांपासून शक्य तितक्या दूर व वाऱ्याच्या उलट बाजूस तो असावा. मळणीची भुसकट, कापसाचा तंतु व रस्त्याची धूळ त्याच्या पात्यांत अडकली म्हणजे उष्णता बाहेर पडत नाहीं, वीज अधिक लागते व अखेर कॉम्प्रेसर जळतो. तूर, सोयाबीन, कापूस यांचा हंगाम आटोपल्यावर पातीं पाण्याच्या साध्या धारेनें धुवावीं, फवारणी पंपाच्या जोरदार फवाऱ्यानें धुतल्यास तीं वाकतात. उत्तरेची किंवा पूर्वेची सांवलीची भिंत उत्तम. पुढें चार-पांच फूट जागा मोकळी पाहिजे. पाल इलेक्ट्रॉनिक पाटीवर चढून दोन टोकें जोडते व स्वतःबरोबर पाटीहि जाळते, तसेंच धान्याच्या घरीं उंदीर तारा कुरतडतात; तेव्हां नळ्या ज्या भोकांतून जातात तें भोक सिमेंटनें बुजवावें व तारांवर कडक नळी चढवावी. आंतील जाळी उन्हाळ्यांत दर पंधरा दिवसांनीं घरींच धुतां येते, त्यासाठीं मिस्त्रीची गरज नाहीं.

बसविणाऱ्या मिस्त्रीवर नजर ठेवावी असें आम्हीं वर सुचविलें. आजच्या बहुतेक नव्या एसींत आर-३२ हा गॅस येतो. कांहींत आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, असतो. ओझोनच्या थरास मारक असलेला जुना आर-२२ हा १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें टप्प्याटप्प्यानें हटविला जात आहे. आर-३२ मंदपणें व प्रोपेन झपाट्यानें पेट घेऊं शकतो. त्यामुळें उघड्या ज्योतीजवळ किंवा धूम्रपान करीत गॅस भरणाऱ्यास आवारांत येऊं देऊं नये. नळ्या जोडल्यावर त्यांतील हवा व दमटपणा व्हॅक्यूम पंपानें ओढून काढणें आवश्यक असतें. घाईंतला मिस्त्री हा पंप आणीतच नाहीं. थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतो व पांच मिनिटांत मोकळा होतो. नळ्यांत राहिलेलें पाणी पुढें तेलाशीं मिळून कॉम्प्रेसर खातें, व दोन उन्हाळ्यांत यंत्र निकामी होतें. पंप पंधरा-वीस मिनिटें तरी चाललेला आपण स्वतः उभें राहून पाहावा, आणि जोडांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय हें तपासावें. आपण इंजिनाचा नवा पिस्टन बसवितांना मिस्त्रीजवळ बसतोंच कीं !

चालवितांना काटा २६ अंशांवर ठेवून छताचा पंखा मंद लावावा. २०२० पासून नवे एसी सुरू होतांना आपोआप २४ अंशांवर येतात. एकेक अंश वर ठेवल्यास सुमारें सहा टक्के वीज वांचते, असें उपरोक्त ब्यूरोचें सांगणें आहे. खोली लवकर थंड व्हावी म्हणून १८ वर लावण्याचा कांहीं उपयोग नाहीं. यंत्र आरंभीं आपल्या पूर्ण शक्तीनेंच चालतें, फक्त नको तितकें पुढें चालत राहतें. उन्हांतून आलेल्या, घामानें निथळणाऱ्या माणसानें तडक गार खोलींत न शिरतां ओटीवर घटकाभर बसावें, पाणी प्यावें व मग आंत जावें, हें घरांतील मुलांसहि सांगावें.

कोरड्या मुलखांत ज्याच्याजवळ पाणी आहे, त्यानें पहिल्यानें छत पांढरें करून चांगला कूलर घ्यावा असा आमचा सल्ला आहे. एसी त्यानंतर, आणि तो निजण्याच्या खोलीपुरता. पाण्याची टंचाई असेल, घरांत जपावें लागणारें माणूस असेल किंवा गांव समुद्रकांठचें असेल, तर मात्र सरळ एसीच घ्यावा. तेथें कूलरांत पैसे घालणें म्हणजे दोनदां खर्च करणें होय.

राहिला जुन्या मालाचा विषय. शहरांतून पांच-सात हजारांत विकावयास येणारे जुने एसी पाहून मोह होतो. त्यांच्या पाटीवर आर-२२ लिहिलें असेल तर तें यंत्र फुकट मिळालें तरी घेऊं नये, कारण त्याचा गॅस उत्तरोत्तर दुर्मिळ व महाग होत जाणार आहे. आर-३२ किंवा आर-४१०ए चें, पांच वर्षांच्या आंतलें यंत्र असेल तर तें मूळ जागेवर चालूं स्थितींत पाहावें, निदान अर्धा तास चालवून आंतील हवा बाहेर येते तेथें व आंत जाते तेथें थर्मामीटर धरावा. दोहोंत दहा-बारा अंशांचा फरक पडत नसेल तर सौदा मोडावा. फरक पडला, तरी तें काढतांना सर्व गॅस बाहेरच्या भागांत कोंडून घेणारा मिस्त्री बरोबर न्यावा व नळ्यांचीं तोंडें लागलींच झांकून घ्यावीं.